सातव्याला जागा नाही

मुलुंडहून सकाळची स्लो पकडायची, घाटकोपरला उतरायचं, मेट्रोने मरोळ नाका गाठायचा आणि पुढे सीप्झच्या बाजूला ऑफिस. लेडीज डब्यात तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. पाचवी मात्र बसत नाही, आणि का बसत नाही ते कोणी सांगू शकत नाही. बाकाची लांबी कोणी मोजलेली नाही, इतक्या वर्षांच्या कोपरांनी ते ठरवलं आहे.

हा बाक मला आठवला तो ऑफिसात, रात्री साडेनऊला. स्क्रीनवर एक ओळ आली होती: ‘अनसपोर्टेड नंबर ऑफ आर्ग्ज’. खाली आकडा: ७. दिवसभर आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर निमूट चाललेली माझी चाचणी नेहमीच्या इंटेलच्या मशीनवर पहिल्याच पावलाला आडवी झाली होती. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने मान वळवून पाहिलं आणि हसला.

“अगं, एक्स८६वर सहाच. सातवा कुठे बसवणार होतीस?”

“आर्मवर तर चालला.”

“तिथे आठ बसतात. आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर पाचच.”

पाच, सहा, आठ. प्रोग्रॅम तोच, भाषा तीच, आणि एका फंक्शनला किती गोष्टी हातात देता येतील याचं उत्तर मात्र दर मशीनला निराळं. हे आकडे कुठून आले, ते शोधायला मी त्या रात्री बसले. शोध बराच लांब गेला आणि गंमत म्हणजे घरी जायच्या वाटेवरच्या पवईतून दोनदा गेला.

आधी चाचणीचं सांगते. लिनक्समध्ये केव्हीएम नावाची सोय आहे. एका खऱ्या मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवण्याची. क्युम्रानेट या इस्रायली कंपनीत अवी किविटी यांनी ती सुरू केली, २००६ साली जाहीर केली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत ती सामील झाली. आज क्लाउड म्हणून आपण जे भाड्याने घेतो, त्यातलं पुष्कळसं याच्यावर उभं आहे. ही सोय नीट चालते का हे तपासायला लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडमध्येच २०१८पासून चाचण्यांचा एक संच आहे. प्रत्येक चाचणी एक इटुकलं मशीन तयार करते. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नाही, डिस्क नाही, काही नाही. फक्त एक फंक्शन. बाहेरच्या मशीनला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. यजमान आणि पाहुणा हे शब्द इतके चपखल असताना ऑफिसात ते कोणी वापरत नाही. पॅरामीटरला ‘प्राचल’ म्हणणाराही मला अजून भेटलेला नाही. फंक्शनच्या हातात द्यायचं आर्ग्युमेंट तर आर्ग्युमेंटच. त्याचा भांडणाशी संबंध नाही: जुने खगोलशास्त्रज्ञ कोष्टकात ज्या आकड्याने शिरायचे, त्या आकड्याला आर्ग्युमेंट म्हणत. पंचांग उघडून तिथीपुढे बोट ठेवणाऱ्याला ही कल्पना नवी नाही.

तर या पाहुण्याला काम सांगायचं कसं? एरवी एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं आणि हाक मारतानाच हातात सामान देतं. इथे हाक मारायला आत कोणी नाही. म्हणून होस्ट काय करतो, तर गेस्ट सुरू व्हायच्या आधीच त्याचे गोठलेले रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे मोजके कप्पे, बाहेरून वाचतो, त्यांत हवे ते आकडे घालतो आणि परत ठेवून देतो. एक्स८६वर पहिला आकडा आरडीआयमध्ये, दुसरा आरएसआयमध्ये, मग आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. संपलं. मग गेस्ट सुरू होतो आणि त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी रीतसर बोलावलं आणि सामान हातात दिलं.

या भ्रमाची निगा किती बारकाईने राखावी लागते त्याचा एक नमुना याच कोडमध्ये आहे. एक्स८६वर हाक मारणारी आज्ञा परतीचा पत्ता म्हणून आठ बाइट स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या कामाच्या ढिगावर, टाकते. त्यामुळे फंक्शनच्या उंबऱ्यावर स्टॅकचा पत्ता सोळाच्या पाढ्यातला नसतो, आठने चुकलेला असतो, आणि कंपायलर तसं गृहीतच धरतो. गेस्टला तर कोणी हाक मारलेलीच नाही. म्हणून चाचणीचा कोड स्टॅक आधी सोळावर आणतो आणि मुद्दाम आठ वजा करतो. न मारलेल्या हाकेच्या न ठेवलेल्या पत्त्यासाठी रिकामी जागा! पितृपक्षात मांडलेल्या पानासारखी ती मला वाटते.

हे सामान नेहमीच रजिस्टरमधून जात नव्हतं. केंब्रिजच्या एडसॅक या १९४९च्या मशीनवर डेव्हिड व्हीलरने सबरूटीन बसवली, तेव्हा आर्ग्युमेंट हाकेच्या आज्ञेच्या लगेच पुढच्या शब्दांत लिहून ठेवायची आणि आत गेलेल्याने मागे वळून ती उचलायची, अशी रीत होती. मर्यादा अशी काही नव्हतीच. पुढे १९६१मध्ये बरोज कंपनीने बी५००० आणलं. अल्गोल भाषा डोळ्यांपुढे ठेवून घडवलेलं हे मशीन, आणि त्याचा सगळा व्यवहार स्टॅकवर. सामान ढिगावर ठेवा, ढिगावरून उचला. सात काय, सत्तर ठेवा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सीप्झमध्ये टाटा बरोज आली, ती याच बरोजची भागीदारी. १९७३ साली निर्यातीसाठी उभ्या केलेल्या त्या आवारात आमच्या आधीची पिढी बरोजच्या मशीनांवर वाढली. ‘किती आर्ग्युमेंट’ हा प्रश्न बी५०००वाल्यांना पडलाच नसता. सी भाषाही पीडीपी-११वर जन्मली ती स्टॅकवरच्या सामानासकट. प्रिंटएफला हवं तेवढं देता येतं, ते या बालपणामुळे.

अडचण स्टॅकच्या वेगाची होती. स्टॅक म्हणजे मेमरी, आणि मेमरी रजिस्टरपेक्षा सावकाश. ऐंशीच्या दशकात रिस्क पद्धतीचे प्रोसेसर आले, रजिस्टर मुबलक झाले आणि सामान हातातल्या हातात द्यायची रीत पडली. हात मोजके असतात. आकडा इथून सुरू होतो.

आता पवई. आयआयटीचं काम १९५८मध्ये सुरू झालं, युनेस्को आणि सोव्हिएत मदतीने. मशीनंही तिथूनच आली. साठच्या दशकात मिन्स्क-२ आणि सत्तरच्या दशकात ईसी-१०३०. या दुसऱ्याचं कूळ मजेशीर आहे. सोव्हिएत गटातल्या देशांनी आयबीएमच्या सिस्टिम/३६०ची हुबेहूब नक्कल करायचं ठरवलं, आणि त्या नकलेच्या मालिकेतलं हे एक मशीन. म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन भरात, पवईच्या तलावाकाठी, रशियन वेष्टनातून आलेल्या अमेरिकन रचनेवर मुलं प्रोग्रॅम चालवत होती.

१९६४च्या सिस्टिम/३६०ला सोळा रजिस्टर. आयबीएमची जुनी रीत अशी की आर्ग्युमेंटची यादी मेमरीत मांडायची आणि तिचा पत्ता फक्त रजिस्टर १मध्ये द्यायचा. १३मध्ये जतन करायच्या जागेचा पत्ता, १४मध्ये परतीचा, १५मध्ये जायचा. साठ वर्षं झाली तरी हे घराणं चालू आहे, बँकांच्या मेनफ्रेममध्ये. केव्हीएममध्ये त्याचं नाव एस३९०. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिनक्स या मशीनवर नेलं, तेव्हा यादीची रीत सोडून रजिस्टरची धरली; पण सोळा खुर्च्यांतल्या बऱ्याच आधीच अडकलेल्या. १५वर स्टॅक, १४वर परतीचा पत्ता. रजिस्टर ० तर विचित्र: पत्ता म्हणून वापरलं की मशीन त्याला सरळ शून्य समजतं, १९६४पासून. १ कच्च्या कामाला. उरले २, ३, ४, ५ हे चार मोकळे. पाचवं आर्ग्युमेंट ६मध्ये जातं खरं, पण ६ हा जपून परत करायच्या रजिस्टरांपैकी आहे. वापरलंस तर उठताना होतं तसं करून ठेव. लोकलची चौथी सीट अगदी अशीच मिळते: अर्धी, आणि मालकी दुसऱ्याची. चाचणीच्या कोडमध्ये एस३९०च्या फाइलीत ‘पाचाहून जास्त नाही’ असं जे लिहिलंय, त्यातला पाचवा हा असा दाटीवाटीने बसलेला.

पवईतलं दुसरं घराणं अलीकडचं. २०१९मध्ये आयआयटी मुंबईने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर जाहीर केला. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने तो तयार झाला. भारतीय प्रोसेसर म्हणून त्याच्या बातम्या आल्या, त्यांत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. आज्ञांची भाषा त्याने नवी काढली नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७मध्ये आणलेल्या स्पार्कची आठवी आवृत्ती घेतली, जी पुढे आयट्रिपलईचं मानक झाली. शहाणपणाचं होतं, कंपायलर तयार, लिनक्स तयार, कोणाची परवानगी नको. भाषेबरोबर चालीरीतीही आल्या, आणि त्यांत आर्ग्युमेंटची चालही.

स्पार्कची चाल मला सगळ्यांत देखणी वाटते. तिची कल्पना बर्कलीत डेव्हिड पॅटरसन यांच्या गटाने १९८०च्या सुमारास काढली. प्रत्येक फंक्शनला चोवीस रजिस्टरांची एक खिडकी मिळते: आठ ‘आत’, आठ स्वतःची, आठ ‘बाहेर’. हाक मारली की खिडकी सरकते आणि माझे ‘बाहेर’ हेच पुढच्याचे ‘आत’ होतात. सामान हललं नाही, जागेचं नाव बदललं. चाळीत दोन खोल्यांमधल्या भिंतीत दोन्हीकडून उघडणारं कपाट असावं, तसं. कपाटाला कप्पे आठ. सातवा, म्हणजे ओ६, स्टॅकच्या पत्त्याला. आठवा, ओ७, परतीच्या पत्त्याला, कारण हाक मारायची आज्ञा स्वतःच तिथे लिहिते. राहिले सहा. म्हणून स्पार्कवर सहा आर्ग्युमेंट.

यात एक कंजूषपणा आणि एक दिलदारपणा आहे. खिडक्या मोजक्या, फंक्शनांची रांग लांबली की जुनी खिडकी मेमरीत उतरवून ठेवावी लागते. म्हणून प्रत्येकाने स्टॅकवर ६४ बाइट राखून ठेवायचे. त्याला जोडून चार बाइट स्ट्रक्चरच्या पत्त्याचे आणि चोवीस बाइट सहा आर्ग्युमेंटांचे, ती रजिस्टरमधून आली असली तरी. एकूण ९२. सातवं आर्ग्युमेंट या ९२च्या पलीकडे, उघड्यावर.

तर स्पार्कचे सहा आणि माझ्या स्क्रीनवरचे एक्स८६चे सहा, हे भाऊ का? नाही. आडनाव एक, गोत्र वेगळं. मुलुंडात प्रत्येक इमारतीत एक जोशी असतो, म्हणून ते सगळे एकमेकांचे नातलग होत नाहीत.

एक्स८६च्या सहाचा जन्म तर पार अलीकडचा. बत्तीस बिटांच्या एक्स८६वर आठ रजिस्टर, तेही प्रत्येकाला काही ना काही चिकटलेलं; त्यामुळे सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवर. एएमडीने चौसष्ट बिटांची वाढ जाहीर केली आणि रजिस्टर सोळा झाले. चिप बाजारात यायची होती २००३मध्ये. तिच्याआधीच २०००च्या सुमारास जीसीसी कंपायलरवर काम करणाऱ्या यान हुबिच्का आणि सोबत्यांना लिनक्ससाठी रीत ठरवायची होती. चिप हातात नाही, जुना कोड नाही, कोणाची भीड नाही. त्यांनी वेगवेगळ्या वाटण्या करून पाहिल्या, स्पेक २००० या चाचणी-संचातले प्रोग्रॅम कंपाइल केले आणि तयार कोड किती बाइटचा होतो ते मोजलं. लहान झाला ती वाटणी चांगली. शेवटी सोळांचा हिशोब असा बसला: एक स्टॅकला, सहा जपून परत करायचे, तीन किरकोळ कामांना, सहा आर्ग्युमेंटांना. मला हा सगळ्यांत प्रामाणिक उगम वाटतो. परंपरा नाही, तराजू.

तरी जुनं रक्त दिसतंच. पहिलं आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये आणि दुसरं आरएसआयमध्ये का, तर १९७८च्या ८०८६पासून ही दोन ‘कुठे’ आणि ‘कुठून’ यांचे रजिस्टर आहेत. मेमरीचा तुकडा नकलायच्या आज्ञा यांच्यावरच चालतात, आणि सी भाषेतल्या मेमकॉपीला पहिलं ‘कुठे’, दुसरं ‘कुठून’ द्यायचं असतं. आलेलं सामान आपसूक योग्य हातात!

त्याच चिपवर विंडोजवाल्यांनी चारच ठरवले: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९, आणि वर स्टॅकवर ३२ बाइट मोकळे सोडायचे. सिलिकॉन तेच. माझी चाचणी विंडोजच्या रीतीने कंपाइल झाली असती तर पाचव्यालाच अडकली असती.

आठांचं फारसं सांगण्यासारखं नाही. जुन्या बत्तीस बिटांच्या आर्मवर चार होते. चौसष्ट बिटांत रजिस्टर एकतीस झाले, मग आठ दिले, एक्स० ते एक्स७. रिस्क-फाइव्हनेही आठ. पण रिस्क-फाइव्हची एक गरीब आवृत्ती आहे, बारीक चिपांसाठी, सोळाच रजिस्टरांची. तिच्यात, शून्यापासून मोजलं तर, आर्ग्युमेंटांची रांग दहाव्या रजिस्टरपासून सुरू होते आणि पंधराव्याला घर संपतं. मोजा: सहा. अजून एक जोशी.

लिनक्स कर्नलनेही हे भोगलं आहे. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाकेला, तीनच आर्ग्युमेंट देता यायची. सिलेक्ट या कॉलला पाच लागतात, एममॅपला सहा. तेव्हा काय केलं? गाठोडं. सगळे आकडे मेमरीत ओळीने मांडायचे आणि गाठोड्याचा पत्ता एकच द्यायचा. सिस्टिम/३६०वाले १९६४पासून करत होते तेच. पुढे आकडा वाढत सहावर आला, पण ते जुने गाठोडेवाले कॉल बत्तीस बिटांच्या एक्स८६वर अजून जिवंत आहेत. एकदा दिलेला शब्द कर्नल मोडत नाही.

माझ्या चाचणीलाही सीनियरने तोच उपाय सांगितला. “गाठोडं बांध, पत्ता पाठव.” गेस्टच्या मेमरीत जागा मागितली, ती होस्टकडून कुठे दिसते ते काढलं, सातही आकडे एका स्ट्रक्चरमध्ये भरले आणि आरडीआयमध्ये फक्त पत्ता ठेवला. नाही म्हटलं तरी मनातून मी खट्टू झाले. सात आर्ग्युमेंटांचं फंक्शन सुटसुटीत दिसत होतं. खरं तर नव्हतं. दोन नावं मीच विसरले होते. उलट दिशेचं पाहिलं तर तिथे ही कटकटच नाही: गेस्टला होस्टशी बोलायचं असतं तेव्हा तो गाठोडंच देतो. त्यात आधी सहा कप्पे होते, कोणालातरी कमी पडले, मग सात केले. मेमरीत कप्पा वाढवायला कोणाच्या कोपराला धक्का लागत नाही.

चाचणी हिरवी झाली तेव्हा घाटकोपरला मेट्रोने जायचा उत्साह नव्हता. रिक्षा केली. जेव्हीएलआरवरून पवईला आयआयटीचं मुख्य दार गेलं, पुढे गांधीनगरचा सिग्नल. रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर तो कोड पुन्हा उघडला, ज्याने मला ७ म्हणून हाकललं होतं. नाव ‘व्हीसीपीयू आर्ग्ज सेट’. सी भाषेतलं साधं फंक्शन, प्रिंटएफच्या जातीचं, हवं तेवढं घेणारं. त्याला पहिलं द्यायचं ते कोणतं व्हीसीपीयू, म्हणजे गेस्टचा कोणता प्रोसेसर. दुसरं, किती आर्ग्युमेंट. आणि मग ती आर्ग्युमेंट. सहा दिली की झाली आठ. म्हणजे इंटेलच्या होस्टवर या फंक्शनला हाक मारली की पहिली सहा रजिस्टरमध्ये जातात आणि उरलेली दोन स्टॅकवर उभी राहतात. गेस्टला सातवा नाकारणारं फंक्शन स्वतः आठ घेऊन बसलेलं होतं. सिग्नल सुटला, रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, हायवेने घेऊ की एलबीएसने?”